जोडाक्षराचा चिमटा

नवऱ्याच्या शाळेत बदली मिळावी म्हणून मी इतकी वर्षं अर्ज केले, की आमच्या मुलाला ‘आई’ आणि ‘बाबा’ यांच्या पाठोपाठ ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ म्हणता यायला लागलं. तो आता नागपूरला शिकतो, आणि आम्ही दोघं यंदा जूनमध्ये एकदाचे एका छपराखाली आलो. साकोलीपासून आत, जंगलाला चिकटून असलेलं खैरझरी नावाचं गाव. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाची खुर्ची हेमराजकडे.

पहिल्याच दिवशी मला तिथली शांतता खटकली. प्राथमिक शाळेला तिचा एक आवाज असतो. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं आत भांडण जुंपलंय. इथे चौथीचा तास चालू होता आणि माशी उडाली तरी कळली असती. मुलं समोरच्या पडद्याकडे बघत होती, आणि हेमराज लाकडी पट्टीने टेबलावर हलकेच ठेका देत होता. टक, टक, टक.

“हे काय चाललंय?” मी मधल्या सुट्टीत विचारलं.

“वाचन. मूकवाचन,” तो म्हणाला. “जिल्ह्यात पहिली आहे म्हटलं आपली शाळा.”

मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं लांब राहिलेला नवरा, हाताने पोळ्या करून खाणारा, आणि त्याने हे करून दाखवलं होतं.

ज्यांची मुलं शाळेतून कधीच बाहेर पडली, त्यांच्यासाठी चष्म्याबद्दल थोडं सांगायला हवं.

पूर्वी वाचनाची चाचणी आम्ही शिक्षकच घ्यायचो. मूल समोर बसवायचं, आधी अक्षरं, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट असं वाचायला द्यायचं, आणि ते जिथे अडकेल तो त्याचा स्तर. पद्धत चांगली होती. माणसं आमच्यासारखी होती. वरून दटावणी आली की अख्खा वर्ग एका आठवड्यात शब्दावरून गोष्टीवर जाऊन बसायचा. मूल तेच, अडखळणं तेच, फक्त आमचं पेन पुढे सरकलेलं. शेवटी सरकारचा आमच्यावरचा विश्वास उडाला, आणि तो उडायला कारणही आम्हीच होतो.

मग चष्मा आला. त्यामागचं शास्त्र खरं आहे, म्हणूनच तर सगळा घोटाळा झाला. वाचताना आपला डोळा ओळीवरून घसरत जातो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. तो उड्या मारतो आणि थांबतो, पुन्हा उडी मारतो. नवशिक्या मुलाचा डोळा अक्षरा-अक्षरावर थांबतो, सारखा मागे येतो. सराईत माणसाचा डोळा एका उडीत अख्खा शब्द ओलांडतो. दुसरी गोष्ट बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याची, ज्याला आपण बाहुली म्हणतो. मेंदू काम करायला लागला की ही बाहुली किंचित मोठी होते, केसाएवढी. अवघड शब्द आला, मुलाने तो सोडवला, की बाहुली फुलते आणि मिटते. ज्याला काही कळतच नाही, त्याची बाहुली तशीच बसून राहते, कारण तो सोडवायच्या भानगडीतच पडत नाही. चष्म्याच्या काड्यांमध्ये बारीक कॅमेरे असतात, ते या उड्या आणि ही बाहुली टिपतात, आणि पाच मिनिटांत रंग सांगतात: लाल, पिवळा किंवा हिरवा. मुलाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर चष्म्याचं चित्र लागलं आणि खाली ओळ: डोळे खोटं बोलत नाहीत.

त्याच्या मागून नियम आले. शिक्षकाचं मत धरायचं नाही. तोंडी परीक्षा नाही, कारण मुलं घाबरतात. हिरव्या झालेल्या मुलाचा वाचनाचा तास बंद, तो वेळ लाल मुलांना द्यायचा. आणि लागोपाठ दोनदा लाल आलेलं मूल तालुक्याच्या निवासी वाचन केंद्रात पाठवायचं. ज्या शाळेत लाल जास्त, ती शाळा दुसरीत विलीन.

चष्मा तिसरीपासून लागायचा, आणि खैरझरीत एकही लाल नव्हता. जानेवारीत जिल्ह्याच्या वाचन-तपासणी कक्षाकडून निरोप आला की पडताळणीला साहेब येणार, तोवर शाळेची यशोगाथा लिहून ठेवा. हेमराज म्हणाला, “तुझी भाषा चांगली आहे, तूच लिही. पण जास्त खोलात नको जाऊ.” मला ते विनयाचं बोलणं वाटलं.

यशोगाथेसाठी म्हणून मी शुक्रवारी चौथीच्या सराव-चाचणीला मागे जाऊन बसले. माझ्या पुढ्यात जान्हवी कोहळे होती. वर्गातली सगळ्यात हुशार, छातीला हिरवा बिल्ला. आई-बाप पुण्याकडे कामाला, आणि ही इथे आजीजवळ. चष्मा लावून ती पडद्याकडे बघत होती आणि तिचा उजवा हात डाव्या हाताच्या आतल्या बाजूला होता. मधूनच तो हात हलायचा. मी तिच्या खांद्यावरून पडद्यावरची ओळ वाचली. ‘रस्ता’ आला, हात हलला. ‘पुस्तक’ आला, हात हलला. ‘घर’, ‘बाबा’, ‘पाऊस’, हात गप्प. ‘विद्यार्थी’ला दोनदा हलला.

चाचणी संपल्यावर मी तिला व्हरांड्यात बोलावलं आणि तिची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक निळे-जांभळे डाग. काही जुने पिवळे पडलेले, काही आत्ताचे.

“हे काय ग?”

“काई नाई, मॅडम.”

“कोणी मारलं का?”

ती हसली. मला काहीच कसं माहीत नाही, असं ते हसू होतं. “मारलं नाई जी. बाहुली मोठी करा लागते ना. जोडाक्षर आलं का चिमटा.”

“आणि साधं अक्षर आलं तर?”

“मंग ठेक्यावर पुढे जाचं.”

मी माझ्या वर्गातलं पहिलीचं पुस्तक आणलं. पहिलंच पान उघडलं. ‘कमल, नळ धर.’ एवढंच. तिने त्यावरून नजर फिरवली, एक उडी, दुसरी उडी, अगदी साहित्य कोळून प्यायलेल्या माणसासारखी. मग पुस्तक मला परत दिलं. “झालं, मॅडम.”

“मोठ्याने वाच.”

“मोठ्यानं म्हंजे कसं?”

तिला खरंच समजलं नव्हतं. मी ‘क’वर बोट ठेवलं. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली, पुढची टकटक कधी होते याची वाट बघत. मी तिथेच पायरीवर बसले.

संध्याकाळी हेमराज अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, “अहो, पोरांना वाचता येत नाही.”

त्याने शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. “मला माहीत आहे.”

तो नाकबूल झाला असता तर मी भांडले असते.

“इथे चष्मा आला तेव्हा मी जीव तोडून वाचन घेतलं, प्रणाली,” तो म्हणाला. “गळा बसेपर्यंत. पोरं शिकतही होती, हळूहळू. घरात एक बोली, पुस्तकात दुसरी. त्यांना वेळ लागतोच. पण चष्म्याला वेळ नव्हता. दोनदा लाल आलं आणि केंद्राची गाडी आली. चार पोरं नेली. गाडी नाल्यापलीकडे गेली तरी रडणं ऐकू येत होतं. त्यातली एक पोरगी आठ वर्षांची होती, तिला अजून एकटीला आंघोळ जमत नव्हती.”

“मग?”

“मग एका चाचणीत चौथीतल्या अर्णवच्या पायाला मुंगळा डसला. दुखलं असेल, पण चष्मा लावलेला, म्हणून पोरगा हलला नाही. अन् निकाल बघतो तर पिवळा! मी आधी चक्रावलो. मग लक्षात आलं. दुखलं तरी बाहुली मोठी होते.” तो कडवट हसला. “जे मला जमलं नाही ते मुंगळ्याने पाच मिनिटांत केलं.”

“आणि डोळ्यांच्या उड्या?”

“पट्टीच्या ठेक्याने बसवल्या. जोडाक्षर ओळखायचं, तेवढं शिकवलं. अर्धं अक्षर दिसलं, रफार दिसला, की थांबायचं.”

“म्हणजे एवढ्या मेहनतीने पोरांना जोडाक्षर ओळखायला शिकवलं, आणि ते वाचायला नाही?”

“एकही पोरगं गावाबाहेर गेलं नाही त्यानंतर!” तो ओरडला. वाटी उलटी झाली, दाणे मातीत पांगले. मग तो खाली बसून एकेक दाणा वेचायला लागला, आणि मलाही बसावं लागलं.

“एप्रिलमध्ये जान्हवीचा वर्ग जाईल,” मी म्हटलं. “पाचवीत हिरव्या मुलीला अक्षर कोण शिकवणार? नियमच आहे शिकवायचं नाही म्हणून. अहो, ती पोरगी जन्मभर अशीच राहील.”

“मी रोज तेच मनात घेऊन झोपतो. पण सांग ना, काय करू? खरं सांगितलं तर सगळे लाल. सगळी पोरं केंद्रात, शाळा बंद. मला नोकरीवर ठेवतील न ठेवतील, तू परत तिकडे. एवढी वर्षं काढली ती यासाठी?”

“मंगळवारी साहेब येतील तेव्हा मी सांगणार.”

“सांग,” तो म्हणाला. “ऐकेल कोण?”

त्याने बोलणं तोडायला तसं म्हटलं असावं असं मला वाटलं. शनिवार-रविवार आम्ही घरात भाजी-मिठापुरतं बोललो. मला एकीकडे वाटत होतं, सांगावं. आणि दुसरीकडे सकाळी तो अंगणात दात घासताना दिसला की वाटायचं, हा माणूस मला रोज दिसतो आहे, हे मी माझ्या हाताने मोडणार.

सोमवारी जान्हवी शाळेत आली नाही. मी सुट्टीनंतर तिच्या घरी गेले. तिची आजी, फुलवंताबाई, ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले. जान्हवी दाराच्या चौकटीत.

“या जी मॅडम,” आजी म्हणाली. “माहा भाऊ गेला.”

लाखनीजवळ तिचा धाकटा भाऊ राहायचा. रविवारी सकाळी निरोप आला होता की तो शेवटच्या घटका मोजतोय, सारखा ताईचं नाव घेतोय, लवकर या. आजी नातीला घेऊन साकोलीच्या स्टँडवर गेली. आता बसमध्ये कंडक्टर नसतो, हे माहीत आहेच. कार्ड टेकवायचं, दार उघडतं. पुढच्या पाटीवर गाव वाचायचं आणि बसायचं. गावांची नावं सांगणारा भोंगा असतो, पण त्या दिवशी यात्रेची गर्दी, भोंगा कोणाला ऐकू येणार?

“कोणाला विचारायचं ना आजी,” मी म्हटलं.

“लोकाईले कायले इचारू?” तिला प्रश्नच कळला नाही. “घरात वाचणारी असून लोकाईच्या तोंडाकडे पाहाचं का? माही नात हिरवी हाय. तिनं पाटी वाचली, बोलली, आजी, हेच. मी म्हनलं चल. अन् बस गेली लाखांदूरले. उतरलो तं लोक म्हंतेत हे लाखांदूर हाय. तिथून परत फिरलो. पोचलो तं माती झाली होती. राख गरम होती जी, मॅडम. भावाचं तोंड नाई पाह्यलं मी.”

मी जान्हवीकडे बघितलं नाही. तीच पुढे आली.

“बस चुकली, मॅडम. आजी बोलली, बसच चुकली. मी वाचलं होतं. पयला ‘ला’ होता, मंग ख. मले त्या दोन अक्षरांचा आकार येते, पाटीवर लय डाव पाह्यला.” मग, मला खात्री पटावी म्हणून, “त्याच्यात जोडाक्षर बी नव्हतं. सोपाच शब्द होता.”

लाखनी आणि लाखांदूर. एक पश्चिमेला, एक दक्षिणेला. मी आजीला काय सांगणार होते? तुझ्या नातीला वाचता येत नाही, तिला फक्त चिमटा घ्यायला शिकवलंय, आणि तो शिकवणारा माझा नवरा आहे? आजी पदराने नातीचं नाक पुसत होती. तिच्याजवळ आता अभिमान वाटावा असं तेवढंच उरलं होतं. मी चहा न घेता उठले. घरी येऊन हेमराजला सांगितलं. तो ऐकून गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले.

मंगळवारी कामडी साहेब आले. तरुण, नम्र, चहात साखर नको म्हणणारे. मला वाटलं होतं खडूस माणूस येईल, त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं. त्यांनी पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रांग बघितली आणि मनापासून हेमराजचा हात दाबला. तेव्हा मी बोलले.

“साहेब, यातल्या एकाही मुलाला वाचता येत नाही.”

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मी जान्हवीला पुढे बोलावलं, पहिलीचं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने पानाकडे बघितलं, मग हेमराजच्या पट्टीकडे.

“घाबरली,” साहेब हळुवारपणे म्हणाले. “म्हणून तर तोंडी परीक्षा बंद केली ना, मॅडम. मीही लहानपणी असाच ततपप करायचो.”

मी तिची बाही वर केली. डाग दाखवले. चिमटा, बाहुली, ठेका, सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी तो हात बराच वेळ बघितला आणि मग योग्य तेच बोलले.

“हे गंभीर आहे. मी पुन्हा चाचणी घेतो, आत्ता. चिमटा न घेता. नवा उतारा, ठेका नाही, आणि मॅडम, तुम्ही स्वतः तिचे दोन्ही हात धरा.”

मी टेबलापलीकडे बसले आणि जान्हवीचे हात माझ्या हातांत घेतले. मी हेमराजकडे बघितलं. त्याने मान हलवली, म्हणजे होऊ दे. मला सांगता येत नाही त्या क्षणी काय होत होतं. लाल येऊ दे, असं मी देवाला म्हणत होते. आणि लाल आलं की आमचं घर मोडणार, हेही तितकंच दिसत होतं. तरी मी लालच मागत होते. ती वाचायला शिकावी म्हणून दुसरा रस्ताच नव्हता.

चष्म्याचा उतारा मुलाच्या नावाने सुरू होतो, मुलांना आवडतं म्हणून. ‘जान्हवी आज सकाळी लवकर उठली.’ पहिलाच शब्द, तिचं नाव, आणि त्यात ‘न्ह’. माझ्या हातातली तिची बोटं ताठ झाली. चिमटा घेतला नाही तिने, मी घेऊ दिला नाही. पण बाजूच्या पडद्यावर बाहुलीची रेघ टेकडीसारखी वर चढली आणि खाली आली. पुढच्या ओळीत ‘सूर्य’. पुन्हा टेकडी. ‘पक्षी’. टेकडी. डोळ्यांच्या उड्या ठेक्याविनाही ठेक्यात पडत होत्या.

चिंच नुसती दिसली तरी आपल्या तोंडाला पाणी सुटतं. खावी लागत नाही. इतके महिने जोडाक्षर दिसलं की दुखत होतं. आता दुखायच्या आधीच तिची बाहुली तयार असायची. तिच्या शरीराला सगळं पाठ झालं होतं. तिला मात्र काहीच येत नव्हतं, स्वतःचं नावसुद्धा.

पडदा हिरवा झाला.

“बघा,” साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलं होतं. “चिमटा नाही तरी हिरवी. मुलांचे काहीतरी खेळ असतात, मॅडम. सर, तेवढं चिमट्याचं बंद करा.”

“साहेब, मॅडम खरं बोलतात.” हेमराज पुढे आला. “मी शिकवलं हे. मी, स्वतः. लिहून देतो.”

कामडी साहेबांनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांत घरी काही बिनसलं असावं असा त्यांचा समज झाला, असं मला अजून वाटतं. “सर, शिक्षकाचं मत धरत नाहीत. चांगलं नाही आणि वाईटही नाही,” ते म्हणाले. “आणि तेच बरं आहे, नाही का? ती यशोगाथा तेवढी लवकर पाठवा.”

जान्हवी माझ्याकडे बघून हसत होती. हात न वापरता हिरवी आली होती ती.

यशोगाथा मी लिहिली नाही, तर कोणीतरी दुसऱ्याने लिहिली. शाळा पुन्हा पहिली आली. हिरव्या मुलांचं वाचन शाळेत घेता येत नाही, म्हणून मी शाळा सुटल्यावर जान्हवीला रस्त्यावरच्या बसथांब्याच्या शेडमध्ये बसवायला लागले. ‘क’पासून. मोठ्याने. दुसऱ्या बाकावर हेमराज अर्णवला घेऊन बसायचा. बाकी मुलंही हळूहळू यायला लागली, पण दोन माणसं, एवढी पोरं, आणि एप्रिल तोंडावर आलेला. अर्ध्यांना तर काना-मात्राही लागत नव्हती. नुसत्या विचाराने मला रडू यायचं.

जोडाक्षर आलं की जान्हवीचा हात आपोआप डाव्या हाताकडे जायचा. सांगून-रागावून ते जाईना. तेव्हा मी माझा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, “घ्यायचाच तर मला घे.” आधी ती लाजली. मग घ्यायला लागली. ‘रस्ता’ला एक, ‘पुस्तक’ला एक. तिचा हात बरा होत गेला आणि माझा निळा पडत गेला. हेमराज घरी त्यावर खोबरेल लावून द्यायचा. एकदा म्हणाला, “उद्या दुसरा हात दे तिला.”

मार्च संपता संपता फुलवंताबाई आल्या. भावाच्या घरी भावजयीला भेटायला जायचं होतं. “तुमी संगं चला जी, मॅडम. मागच्या डावाले बस चुकली.”

आम्ही तिघी साकोलीच्या स्टँडवर सिमेंटच्या बाकावर बसलो. जान्हवी मध्ये, तिचा हात माझ्या हातात. त्या दिवसांत ती दिसेल ते वाचायची, भिंतीवरच्या जाहिराती, पाण्याच्या टाकीवरचं, सगळं. एकेक अक्षर चावत, जोराने, लोक वळून बघतील इतक्या जोराने. मला ते ऐकायला फार आवडायचं.

एक बस येऊन समोर लागली. मी तिची पाटी पाहिली. उठून जान्हवीच्या पुढे उभं राहावं, पदराने पाटी झाकावी, काहीतरी कारण काढून तिला पलीकडे न्यावं, असं मनात आलं. याचसाठी तर तिला शिकवत होते, आणि आता वाचू नये म्हणून धावणार होते का? मी बसून राहिले.

“ला…” जान्हवीने सुरुवात केली. “खा… खां… दू… र.” मग एका दमात, “लाखांदूर.”

तिने पाटीकडे पुन्हा बघितलं. मग आजीकडे.

“आजी, आपण याच्यातच बसलो होतो ना? याच्यावर हेच लिहेल होतं ना?”

आजीने तोंड दुसरीकडे वळवलं. “बस चुकली होती, माय. बसच चुकली होती.”

“मॅडम?”

ती माझ्याकडे बघत होती. छातीला हिरवा बिल्ला, वर दोन मोठे डोळे.

“हो,” मी म्हटलं. “हेच लिहिलेलं होतं.”

लाखांदूर या शब्दात जोडाक्षर नाही. तरी तिने माझ्या हाताला चिमटा घेतला, आणि तो सोडलाच नाही.